मोगिलेव्हच्या छताची प्रतिकृती

१

पुण्याच्या लष्कर भागात डेव्हिड ससून यांच्या दातृत्वातून उभे राहिलेले 'ओहेल डेव्हिड' हे ज्यू धर्मीयांचे प्रार्थनामंदिर आहे. ते १८६७ साली बांधून पूर्ण झाले. लाल विटांची ती उंच मनोऱ्याची इमारत पाहून पुणेकरांनी तिला 'लाल देऊळ' म्हणावयास प्रारंभ केला, आणि तेच नाव पुढे रूढ झाले. मुंबईत सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये स्थापन केलेल्या पहिल्या सिनेगॉगला मराठी बोलणारे बेने इस्रायली लोक 'जुनी मशीद' म्हणत आले. एकाच प्रकारच्या वास्तूसाठी मराठीने असे दोन शब्द योजले, आणि कोशाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही चुकीचे आहेत. तथापि त्यांना अज्ञानातून झालेली चूक म्हणून बाजूस सारणे मला योग्य वाटत नाही. अपरिचित वस्तू समोर आली म्हणजे मन आपल्या परिचयाच्या वस्तूंमध्ये तिचा सगासोयरा शोधू लागते. येथे माणसे एकत्र जमतात, काही पवित्र असे वाचतात आणि मस्तक नमवतात, एवढे कळले की आपल्या भाषेतील जवळचा शब्द पुढे येतो. त्या शब्दाने काही हरवते, परंतु काही पोहोचतेही. गेली तीस वर्षे अनुवादाचा व्यवसाय केल्यामुळे या देवघेवीचा मला चांगलाच परिचय आहे.

एखाद्या वास्तूचे चित्र कागदावर उतरवणारा मनुष्यही याच अडचणीत सापडलेला असतो. लाकूड, चुना, उंची, अंधार, धुरकटलेला रंग हे सारे त्याला रेषेच्या आणि जलरंगाच्या भाषेत आणावयाचे असते. त्या भाषेत प्रत्येक गोष्टीस नेमका प्रतिशब्द नसतो. म्हणून तोही आपल्या परीने एखादे 'देऊळ' किंवा एखादी 'मशीद' शोधतो. अशा चित्राचे मोल कसे ठरवावे? लिलाव करणारा मनुष्य चित्रकाराचे नाव, कागदाची स्थिती आणि पूर्वी मिळालेली किंमत पाहतो. समीक्षक रेषेचे सामर्थ्य आणि रंगसंगती पाहतो. इतिहासकार चित्रातल्या खिडक्या मोजतो. तिघांचेही काम आवश्यक आहे. परंतु मूळ वास्तूच जेव्हा नाहीशी झालेली असते, तेव्हा या तिन्ही कसोट्या अपुऱ्या पडू लागतात. कारण ज्याच्याशी ताडून पाहावयाचे तेच उरलेले नसते. अशा वेळी प्रतिकृतीचे मूल्यमापन आपण अनुवादाच्या मूल्यमापनाप्रमाणे करावे, असे मला सुचवावयाचे आहे. त्यासाठी बेलारूसमधील मोगिलेव्ह या गावच्या एका लाकडी सिनेगॉगचे छत आणि त्याच्या काही रंगीत प्रतिकृती मी उदाहरणादाखल घेतल्या आहेत.

२

या प्रतिकृती करणारा चित्रकार एल लिसित्स्की (१८९०–१९४१) हा होय. आधुनिक कलेच्या अभ्यासकांना तो भूमितीच्या आकारांतून रचना करणारा, मुद्रणकलेला नवे वळण लावणारा रचनावादी म्हणून ठाऊक असतो. त्याचा पूर्वकाल त्या मानाने कमी परिचित आहे. स्मोलेन्स्क प्रांतातील एका ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या तरुणाला पीटर्सबर्गच्या कला अकादमीत प्रवेश मिळाला नाही; म्हणून १९०९ साली तो जर्मनीतील डार्मश्टाट येथे वास्तुशास्त्र शिकावयास गेला. पहिले महायुद्ध सुरू होताच त्याला मायदेशी परतावे लागले. त्या सुमारास रशियातील ज्यू विद्वान आणि कलावंत आपल्या लोकपरंपरेकडे नव्या उत्कंठेने वळले होते. आन्स्की या लेखकाच्या नेतृत्वाखाली १९१२ ते १९१४ या काळात निघालेल्या मोहिमेने खेडोपाडी फिरून गाणी, कथा, भांडी, वस्त्रे आणि थडग्यांवरील लेख गोळा केले होते. १९१५–१६ च्या सुमारास लिसित्स्की आणि त्याचा मित्र, चित्रकार इस्साखार बेर रीबाक, हे दोघे नीपर नदीच्या काठच्या गावांतील जुनी सिनेगॉग पाहावयास निघाले, ते याच प्रेरणेने.

मोगिलेव्हचे ते सिनेगॉग सतराव्या शतकातले. संपूर्ण लाकडी. हिवाळ्यात उष्णता देण्याची सोय नसलेल्या अशा सिनेगॉगला त्या भागात 'थंड' असे विशेषण लागत असे, आणि हेही तशाच नावाने ओळखले जाई. बाहेरून पाहणाऱ्यास एखाद्या मोठ्या कोठारासारखे भासणारे हे घर आत मात्र जमिनीलगतच्या बाकांपासून छताच्या मध्यबिंदूपर्यंत चित्रांनी भरलेले होते. स्लुत्स्क गावचा हाइम बेन यित्सहाक सेगल याने १७४० च्या सुमारास ती चित्रे रंगवली आणि आपले नावही तेथे लिहून ठेवले. तंबूसारख्या वर निमुळत्या होत जाणाऱ्या छतावर राशिचक्र, पशू, पक्षी, वेली आणि हिब्रू अक्षरे यांची दाटी होती. भिंतीवर दोन नगरे होती. एका बाजूस जीवनवृक्षासह जेरुसलेम, आणि दुसऱ्या बाजूस अजगराच्या विळख्यातले वर्म्स. जेरुसलेमला परत येण्याचे बोलावणे वर्म्सच्या ज्यूंनी प्राचीन काळी नाकारले आणि म्हणून त्या नगरावर संकटे आली, अशी एक आख्यायिका आहे. दूरवरच्या एका जर्मन शहराचे भय नीपरकाठच्या लाकडी भिंतीवर असे आकारास आले होते.

सेगलविषयी लिसित्स्कीने एक लोककथा नोंदवली आहे. मोगिलेव्ह, कोपिस आणि दोल्हिनोव अशा तीन गावांची सिनेगॉग या चित्रकाराने रंगवली. शेवटचे काम पुरे होताच तो परांचीवरून खाली पडून मरण पावला. तिन्ही गावांचे लोक मात्र सांगत की तो आमच्याच गावी मेला. या कथेत भाबडेपणा आहे, आणि रसिकतेची एक खूणही आहे. कलावंताची सर्वोत्कृष्ट कृती आपल्याजवळ आहे, त्यापुढे त्याला करण्यासारखे काहीच उरले नव्हते, असे तिन्ही गावांना वाटत होते. पुढे मार्क शागालने सेगलला आपला पूर्वज म्हटले. ते वंशावळीच्या दृष्टीने कसेही असो, वारसा सांगण्याजोगा चित्रकार म्हणून शागालने त्याला ओळखले, हे महत्त्वाचे आहे.

३

लिसित्स्कीने केलेल्या काही प्रतिकृती आणि त्यांसोबत मोगिलेव्हच्या सिनेगॉगविषयीच्या त्याच्या आठवणी १९२३ साली बर्लिनमधून निघणाऱ्या एका कलाविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. त्या नियतकालिकाच्या यिद्दिश आवृत्तीचे नाव 'मिल्ग्रोइम' आणि हिब्रू आवृत्तीचे 'रिमोन' असे होते. दोन्हींचा अर्थ डाळिंब. आपल्याला त्या छताचा रंगीत परिचय होतो तो मुख्यतः या छापील पानांवरून.

त्यांपैकी राशिचक्रातील सिंह विशेष लक्ष वेधून घेतो. सिंह न पाहिलेल्या माणसाने काढलेला हा सिंह आहे. आपल्याकडील लाकडी रथांवर आणि खेड्यांतील देवळांच्या भिंतींवर असे सिंह आपण पाहिलेले आहेत. त्यात पशूच्या शरीररचनेचे ज्ञान नसते. बलाविषयीची एक कल्पना तेवढी असते. सेगलच्या सिंहाचा चेहरा मात्र माणसाचा आहे. लिसित्स्कीला तो एखाद्या रब्बीच्या चेहऱ्यासारखा वाटला. या छतावरील पशुपक्ष्यांच्या मुखवट्यांआडून माणसांचे डोळे पाहत आहेत, असे त्याचे निरीक्षण आहे. मानवाकृती काढण्याविषयी ज्यू परंपरेत संकोच असल्यामुळे माणूस पशूच्या रूपाने छतावर चढला, असा त्याचा अर्थ लावता येईल. एवढे खरे की हे निरीक्षण केवळ पाहून झालेले नाही. हातात कुंचला घेऊन त्या डोळ्यांची रेषा पुन्हा ओढणाऱ्यालाच ते सुचू शकते. एखाद्या कवितेतील खरी अडचण कोठे आहे हे वाचकापेक्षा अनुवादकाला अधिक कळते, तसाच हा प्रकार आहे.

मग छायाचित्राने काम भागले नसते काय, असे कोणी विचारील. त्या काळचे छायाचित्र आकार देई, रंग देत नसे. आणि सेगलची भाषा तर रंगाची होती. दुसरे असे की छायाचित्र समोर असेल ते सारे सारख्याच निष्ठेने टिपते. भेग, धूळ, ओल, कोळिष्टक यांना त्याच्या लेखी चित्राइतकेच स्थान असते. प्रतिकृतिकाराला मात्र प्रत्येक रेषेपाशी निर्णय घ्यावा लागतो. ही रेघ चित्रकाराची की फळीच्या भेगेची? हा काळसर रंग मुळातला की मेणबत्त्यांच्या धुराचा? असे शेकडो निर्णय मिळून प्रतिकृती तयार होते. म्हणून ती मुळाची नोंद असतेच, शिवाय मुळावरील भाष्यही असते.

तथापि या पानांनी काय गमावले तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. छत वाकडे होते, कागद सपाट आहे. छतावरील आकृती एकमेकींना बिलगून, मान वर करून पाहणाऱ्याच्या भोवती फिरत होत्या. कागदावर त्या सुट्या झाल्या. सर्वांत मोठी हानी प्रकाशाची झाली. लिसित्स्कीने आपल्या लेखात लिहिले आहे की भिंतींच्या वरच्या भागात चहूबाजूंनी खिडक्या होत्या, सूर्य दिवसभर त्या घराला प्रदक्षिणा घालत असे आणि तिरप्या छतावर प्रहराप्रहराला निराळा खेळ चाले. ही गोष्ट कोणत्याही एका चित्रात मावण्यासारखी नव्हती. कुंचल्याने जे साधले नाही ते त्याला गद्यात लिहावे लागले. अनुवादक जेव्हा प्रस्तावना लिहितो किंवा तळटीप देतो तेव्हा तो आपल्या पराभवाची जागा दाखवत असतो, आणि त्या प्रामाणिकपणामुळेच वाचक त्याच्या उरलेल्या शब्दांवर विश्वास ठेवतो. लिसित्स्कीची चित्रे आणि त्याचा लेख अलग करून पाहू नयेत, असे मला वाटते ते याच कारणाने. दोन्ही मिळून ती एक कृती आहे.

४

येथे एका प्रचलित मूल्यमापनाचा विचार केला पाहिजे. १९२३ हे वर्ष लिसित्स्कीच्या जीवनात आणखी एका कारणाने प्रसिद्ध आहे. त्याच वर्षी बर्लिनच्या प्रदर्शनात त्याने आपली 'प्रोऊन खोली' मांडली. चौकोन, पट्ट्या आणि गोल यांची रचना भिंतींवरून छताकडे जाते आणि पाहणाऱ्याला खोलीभर फिरवते. तत्पूर्वी १९१९ मध्ये तो व्हितेब्स्कच्या कलाशाळेत शिकवावयास गेला होता आणि तेथे मालेविचच्या सहवासात त्याच्या चित्रातून पशुपक्षी आणि वेली नाहीशा झाल्या होत्या. यावरून काही अभ्यासक मोगिलेव्हच्या प्रतिकृतींकडे एका थोर आधुनिक कलावंताच्या उमेदवारीतील पायरी म्हणून पाहतात. चारी बाजूंनी वेढणाऱ्या त्या रंगीत खोलीत उभे राहिल्याचा अनुभव पुढे प्रोऊन खोलीत उतरला असेलही. हा संबंध मनोरंजक आहे, आणि तो नाकारण्याचे मला कारण नाही.

परंतु या पद्धतीने मूल्यमापन केले की सेगल बाजूला पडतो. मोठ्या कवीने तरुणपणी केलेला अनुवाद आपण त्याच्या पुढील कवितेची पूर्वतयारी म्हणून वाचतो आणि ज्याचा अनुवाद केला त्याचे नावही विसरतो, तसेच येथे घडते. लोककलेकडे पाहण्याच्या आपल्या सवयीचाही यात भाग आहे. निनावी किंवा अल्पपरिचित कारागिराची कृती म्हणजे कच्चा माल, आणि नामांकित कलावंताने तिचा उपयोग केला म्हणजे ती कला झाली, असे आपण नकळत मानतो. लिसित्स्कीने स्वतः ही चूक केली नाही. या चित्रांना आदिम म्हणावयास तो तयार नव्हता. एका मोठ्या संस्कृतीचे ते फळ आहे असे त्याने म्हटले. त्याच वेळी, जुन्या आकृती उचलून नवी कला उभी राहील या कल्पनेवरचा त्याचा विश्वासही उडालेला होता. म्हणजे ज्या छतापासून तो स्वतःच्या कलेत दूर गेला, त्या छताविषयी त्याने पुरेशा आदराने साक्ष दिली. आपल्या उपयोगाचे नाही तेही जतन करणे हा मोठा गुण आहे, आणि तो थोड्या कलावंतांच्या ठिकाणी आढळतो.

५

प्रतिकृतीचा प्रश्न भारतीय वाचकाला परका नाही. या देशातील प्रतिकृतींचा सर्वांत मोठा प्रयोग अजिंठ्याच्या डोंगरात झाला, आणि त्याची हकीकत मोगिलेव्हच्या शेजारी ठेवून पाहिल्यास बरेच काही उलगडते.

मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याला १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम देण्यात आले. त्याने जवळजवळ दोन दशके तेथे राहून मोठी तैलचित्रे तयार केली. ती लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली असताना १८६६ च्या आगीत बहुतेक सर्व जळाली. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स आणि त्याचे विद्यार्थी यांनी तेच काम पुन्हा हाती घेतले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. हे काम १८८५ पर्यंत चालले. आणि त्याच वर्षी लंडनमध्ये लागलेल्या आगीत त्यांतील अनेक प्रतिकृती नष्ट झाल्या. उरलेल्या कामाच्या आधारे ग्रिफिथ्सचे दोन खंड १८९६–९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण चित्रकार अजिंठ्यास गेले आणि त्यांच्या प्रतिकृती १९१५ साली ग्रंथरूपाने निघाल्या.

या हकीकतीतून तीन गोष्टी लक्षात येतात. पहिली, प्रतिकृती आपल्या काळाची मुद्रा घेऊनच जन्मास येते. ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांची रेषा कलाशाळेत घटवलेली आहे. तीत छायाप्रकाशाची शिस्त दिसते. नंदलालांच्या पिढीची रेषा हलकी आणि लयदार आहे. त्यांना अजिंठ्यात आपल्या नव्या बंगाली कलेचा पूर्वज सापडत होता. दोघेही एकाच भिंतीसमोर बसले होते. ज्ञानेश्वरीचे गद्य रूपांतर दर पिढीला पुन्हा करावे लागते, तसे भिंतीचेही आहे.

दुसरी गोष्ट अप्रिय आहे. प्रतिकृती करणाऱ्याच्या हातून मुळाची हानीही होऊ शकते. चित्रे उजळ दिसावीत म्हणून अजिंठ्याच्या भिंतींवर त्या काळी वॉर्निश चढवण्यात आले. कालांतराने ते पिवळे पडले, त्याला तडे गेले आणि मुळातील रंग त्याखाली कोंडले गेले. मूळ सुबोध व्हावे म्हणून त्यावर आपला लेप चढवणारे अनुवादही आपण वाचलेले आहेत. एकदा तो लेप बसला की पुढील वाचकाला मुळापर्यंत पोहोचण्यास दुप्पट कष्ट पडतात.

तिसरी गोष्ट मोगिलेव्हकडे परत नेणारी आहे. अजिंठ्यात प्रतिकृती दोनदा जळाल्या आणि भिंती राहिल्या. म्हणून आपण त्या प्रतिकृतींकडे सहसा उपेक्षेने पाहतो. मूळ शाबूत आहे, मग नकलेचे काय एवढे, असे आपल्याला वाटते. मोगिलेव्हला याच्या उलट घडले. सेगलचे सिनेगॉग १९३८ साली नष्ट झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतील वर्म्स येथील बाराव्या शतकातले सिनेगॉग नात्सींच्या टोळ्यांनी जाळले. अजगराच्या विळख्यातले जे नगर सेगलने रंगवले होते, त्याची भिंत आणि त्या नगराचे प्रार्थनामंदिर यांचा शेवट एकाच वर्षी झाला. वर्म्सचे सिनेगॉग जुने दगड वेचून पुन्हा बांधण्यात आले आणि १९६१ मध्ये उघडले. लाकडाला ती सवलत नसते. मोगिलेव्हचे छत आता कागदावरच आहे. कोणती प्रतिकृती पुढे एकटी उरणार हे ती करणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक प्रतिकृती, उद्या आपणच मूळ ठरू, एवढ्या जबाबदारीने केली पाहिजे.

६

अशी एकटी उरलेली प्रतिकृती काय करू शकते, याचे उदाहरण दुसऱ्या एका सिनेगॉगने दिले आहे. सध्याच्या युक्रेनमध्ये कोलोमियाजवळ ग्वोझ्जेत्स नावाचे लहान गाव आहे. तेथील लाकडी सिनेगॉगही सतराव्या शतकातले. त्याचे चित्रांकित छत अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातले. एकोणिसावे शतक संपता संपता कारोल माश्कोव्स्की या पोलिश चित्रकाराने त्यातील चित्रांचे रंगीत अभ्यास केले. व्हिएन्नाचा चित्रकार इसिडोर काउफमान यानेही तेथे काम केले. पुढे, पहिल्या महायुद्धापूर्वी, आलोइस ब्रायर या वास्तुशास्त्रज्ञाने या प्रदेशातील लाकडी सिनेगॉगची छायाचित्रे घेतली आणि मोजमापे केली. दोन महायुद्धांच्या दरम्यान वॉर्सा येथील तंत्रविद्यापीठातील ओस्कर सोस्नोव्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी अशा वास्तूंचे पद्धतशीर रेखाटन करवले. सोस्नोव्स्की १९३९ च्या सप्टेंबरमध्ये जर्मन आक्रमणात मरण पावले. त्या कामातील ज्यू कलेतिहासकार शिमोन झाइचिक पुढे नात्सींच्या हातून मारले गेले. पोलंडमधील चित्रांकित लाकडी सिनेगॉग दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ निःशेष झाली. बचावलेल्या रेखाटनांवरून मारिया आणि काझिमेझ प्येहोत्का या वास्तुकार दांपत्याने १९५७ साली लाकडी सिनेगॉगवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकन चित्रकार फ्रँक स्टेला याच्या हाती तो पडला आणि त्यातून त्याची 'पोलिश खेडी' ही चित्रमालिका निर्माण झाली. कागदावर उरलेले लाकडाचे सांधे अशा रीतीने एका अगदी निराळ्या कलेत जाऊन पोहोचले.

त्याहून विलक्षण गोष्ट अलीकडे घडली. वॉर्सा येथील पोलिन संग्रहालयासाठी ग्वोझ्जेत्सच्या छताची पुनर्रचना करावयाचे ठरले. २०११ मध्ये सानोक येथे जुन्या पद्धतीच्या हत्यारांनी लाकूड घडवून सांगाडा तयार करण्यात आला. पोलंडमधील निरनिराळ्या गावी भरवलेल्या कार्यशाळांत विद्यार्थ्यांनी सशाच्या कातड्याच्या सरसात रंग कालवून एकेक फळी रंगवली. आकृतींसाठी कृष्णधवल छायाचित्रे होती. रंगांसाठी थोडेसे जुने जलरंगातील अभ्यास. मुळाच्या सुमारे ८५ टक्के आकाराचे ते छत २०१४ पासून संग्रहालयात पाहावयास मिळते.

हे अनुवादावरून केलेले अनुवाद आहेत, त्यांची प्रमाणता ती काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. आक्षेप योग्य आहे. कागदावरील निळा रंग मुळातील निळ्याशी किती जुळत होता हे आता कोणालाही सिद्ध करता येणार नाही. तरीही मी या कामाला मोठे मानतो. त्या विद्यार्थ्यांना हरिण कसे काढावे हे शिकावयाचे नव्हते. त्या जुन्या चित्रकाराने हरिण कोणत्या क्रमाने काढले असेल, आधी पाठीची रेघ की आधी शिंगे, हे त्यांना शोधून काढावे लागले. एक लोप पावलेला हात त्यांच्या हातात काही काळ परत आला. भाषांतरावरून भाषांतर करू नये हा नियम मीही पाळत आलो आहे. परंतु मूळ ग्रंथ हरवला आणि केवळ तिबेटी किंवा चिनी रूपांतर उरले, तर बौद्ध वाङ्मयाच्या अभ्यासकाने काय करावे? त्याने त्यावरूनच मुळाचा माग काढला, आणि आपण त्याचे ऋणी आहोत. पाठीमागून येणाऱ्याला पुन्हा प्रारंभ करता येईल इतके ज्या प्रतिकृतीने जपले, ती प्रतिकृती चांगली. माझ्या मते हीच तिची अंतिम कसोटी होय.

७

असे असले तरी एका मर्यादेपुढे कोणतीही प्रतिकृती जाऊ शकत नाही, आणि तिचे स्मरण ठेवल्याखेरीज हे मूल्यमापन पुरे होणार नाही. १९४१ च्या शरद ऋतूत मोगिलेव्हच्या हजारो ज्यूंची हत्या झाली. ज्यांच्यासाठी ती भिंत रंगवली गेली, जे लहानपणी प्रार्थनेत मन न लागल्यामुळे मान वर करून त्या सिंहाकडे पाहत बसले असतील, ती माणसे गेली. रब्बीसारखा दिसणारा सिंह आपण छापील पानावर पाहतो. परंतु तो कोणासारखा दिसतो हे ओळखून एकमेकांना कोपराने खुणावणारी मुले त्या पानावर नाहीत. छत परत रंगवता येते, समुदाय परत रंगवता येत नाही. या दुःखाची भरपाई म्हणून कलेकडे पाहू नये. लिसित्स्कीच्या पानांपुढे आपण आनंदित होतो तेव्हा हा उणेपणा आपल्या आनंदाच्या शेजारी राहिला पाहिजे.

आपल्या कोकणातही समुदाय पांगलेला आहे. मात्र तो कोणी नष्ट केला म्हणून नव्हे. १९४८ नंतर बेने इस्रायली कुटुंबे मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. अलिबागच्या इस्रायल आळीत १८४८ साली स्थापन झालेले आणि १९१० मध्ये नव्याने बांधलेले 'मागेन अबोथ' सिनेगॉग उभे आहे. रेवदंड्यास, पेणला, पनवेललाही सिनेगॉग आहेत. तेथे सेगलची छते नाहीत. साध्या चुन्याच्या भिंती, लाकडी बाक, मध्यभागी वाचनाचा चौथरा आणि दिव्यांच्या काचेच्या हंड्या एवढेच त्यांचे वैभव. अशा साध्या वास्तूचे चित्र कोणी मोलाचे मानीत नाही, आणि म्हणूनच ते काढले जात नाही. आपल्या कलाशाळांतील विद्यार्थी दरवर्षी निसर्गदृश्ये रंगवावयास याच किनाऱ्यावर येतात. त्यांनी एखादी सकाळ या भिंतींसमोर घालवावी. चित्र फार सुंदर होण्याची आवश्यकता नाही. हंड्या किती आहेत ते मोजावे, प्रकाश कोणत्या खिडकीतून येतो ते पाहावे, येथील लोक या जागेला कोणत्या नावाने हाक मारतात तेही विचारून घ्यावे. आणि कागदाच्या कोपऱ्यात आपले नाव, दिनांक, आणि आपल्याला काय उतरवता आले नाही ते लिहून ठेवावे.